तांबं रेशमावर

डोरीनने झिपलॉकची पिशवी डायनिंग टेबलावर ठेवली. वासंतीने खुर्ची पुढे केली, तरी ती बसली नाही.

पिशवीत तिच्या लिझाचा लग्नातला मास्क होता. पांढऱ्या साटिनचा, कडेने बोटभर रुंद जरीची लेस. काल शनिवारी चर्चमागच्या हिरवळीवर, सरकारने परवानगी दिलेल्या दहा माणसांत लिझाचं लग्न लागलं, तेव्हा ती लेस नुसती झळाळत होती. आज तिच्यावर हिरवट-काळा थर चढला होता.

“ऊन होतं काल,” डोरीन म्हणाली. “पोरीला घाम आला. शपथा झाल्या, मास्क परत चढवला, आणि फोटोसाठी काढला तर दोन्ही गालांवर हिरवे पट्टे. साबण लावला, जात नाहीत. वसईला माझी माणसं पहाटे साडेपाचला नटूनथटून लॅपटॉपसमोर बसलेली. माझी सासू सगळ्यांदेखत विचारते, नवरीच्या तोंडाला काय झालं म्हणून.”

अजितचं उत्तर तयारच होतं. “सॅनिटायझरमुळे होतं गं ते. चांदीच ती, केमिकल लागलं की रंग बदलते. नो वरीज, मी तुला नवीन करून देतो.”

“नवीन लग्न पण करून देशील?” डोरीनने विचारलं. “आणि मी तुझ्याशी बोलायला आलेच नाहीये, अजित. मी ताईंशी बोलायला आलेय. ताई, तुम्ही हुंगून सांगितलं होतं. कॅमेऱ्यासमोर.”

खोटं कशाला सांगा, नीलिमाला पहिल्यांदा डोरीनचाच राग आला. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिच्या नाकावर कुणी शंका घेतली नव्हती. येवल्याला त्यांच्या घराण्यात चार पिढ्या जर ओढली जायची. वडील हेमचंद्र, म्हणजे आप्पा, जरीवाल्यांचे शेवटचे पंच. गावातली जर खरी की खोटी हे तेच सांगायचे आणि गठ्ठ्यावर शिक्का मारायचे. त्यांची दृष्टी गेली तेव्हा शेजारी बसून जर पारखायचं काम नीलिमानं केलं, आणि जाताना शिक्का त्यांनी तिच्याच हातात ठेवला. फेब्रुवारीत ती धाकट्या भावाकडे, अजितकडे, तीन महिन्यांसाठी म्हणून मेलबर्नला आली. मग सीमा बंद झाल्या, विमानं बंद झाली, आणि नोव्हेंबर उजाडला तरी ती ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या त्याच्या घरी, मागच्या खोलीतच होती.

मधल्या काळात अजितची नोकरी गेली. इंजिनियर माणूस, चार महिने घरात येरझाऱ्या घालत होता. मग त्यानं धंदा काढला, लग्नासाठी आणि दिवाळीसाठी खऱ्या जरीचे मास्क. खोक्यावर नाव आप्पांचं, ‘हेमचंद्र’. बायको वासंती मास्क शिवायची, त्यांची मुलगी रुचा फेसबुकवरची विक्री बघायची, आणि नीलिमा हमी द्यायची. ऑर्डरी थेट दुसऱ्या राज्यांतल्या, गिरावीनपासून टूवूंबापर्यंतच्या. लोक म्हणायचे, त्या ताई सांगतात ना, मग डोळे मिटून घ्या.

नीलिमानं मास्क पिशवीतून बाहेर काढला, आणि तो उजेडात धरल्याबरोबर तिचा डोरीनवरचा राग कुठल्या कुठे गेला. चांदी काळी पडते. कितीही वाईट दिवस आले तरी चांदी काळीच पडते. हिरवं पडतं ते तांबं. हे त्यांच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही कळायचं.

“वासंती, सुरी दे. आणि काडेपेटी.”

“आता कशाला ताई ते नाटक,” अजित म्हणाला.

“तू गप्प बस.”

तिनं लेसमधून एक धागा ओढून काढला. सुरीच्या टोकानं खरवडला. वरचा पिवळा मुलामा निघाला आणि खाली लालभडक तांबं दिसलं. मग तिनं तार उलगडून आतला दोरा मोकळा केला आणि काडी लावली. केस जळल्यासारखा वास आला. रेशीम. तिनं दुसरा धागा काढला, तोही जाळला. पुन्हा रेशीमच.

ती खुर्चीत बसली. तिच्या दृष्टीनं या दोन गोष्टी एका धाग्यात असूच शकत नव्हत्या.

त्यांच्याकडचा कायदा एका ओळीचा होता. चांदीची जर रेशमावरच वळायची, तांब्याची सुतावरच. खोटी जर विकायला बंदी नव्हती. गरिबाच्या पोरीनेही लग्नात चमकावं की, आप्पा म्हणायचे, पण काय नेसलीय ते तिला माहीत असावं. आतला दोरा जाळला की गिऱ्हाइकाला घरबसल्या कळायचं. केसांचा वास आला तर चांदी, कागदाचा आला तर तांबं. तांबं रेशमावर वळणाऱ्याची भट्टी पंच विझवायचे. सप्टेंबरात फेसबुक लाइव्हवर नीलिमानं हेच समजावून सांगितलं होतं, आणि रुचानं तर कमाल केली होती. वकिलीचं शिक्षण वाया गेलं नाही म्हणायचं. इंग्लंडच्या पार्लमेंटनेही दोन-तीनशे वर्षांपूर्वी असाच कायदा केला होता, हे तिनं शोधून काढलं. चांदी रेशमावर, तांबं-पितळ साध्या दोऱ्यावर. “आत्या, इट्स एक्झॅक्टली द सेम,” म्हणत ती नाचली होती. आणि मग नीलिमानं सगळ्यांसमोर धागा जाळून, हुंगून, ठणकावून सांगितलं होतं, ही खरी जर आहे. धातू खरवडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. गावात ते कुणाच्याच मनात यायचं नाही. रेशमावर तांबं वळण्याची कुणाची छातीच झाली नव्हती, मग खरवडायचं कशाला?

“म्हणजे फसवलं मला,” डोरीन म्हणाली.

“मला बाई यात ओढू नका,” वासंती ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. “मी दिलेली लेस शिवत होते. हमी वन्सं देत होत्या. त्यांच्या नाकावर आम्ही सगळा धंदा उभा केला. आता त्यांचंच नाक बंद असेल तर आम्ही काय करायचं?”

वन्सं. एरवी ताई म्हणणारी वासंती चिडली की वन्सं म्हणायची. नीलिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण वासंतीचं काही चूक नव्हतं. हुंगणारी तीच होती.

“मला गुरुदत्तला फोन लावून दे,” ती रुचाला म्हणाली.

“आत्ता तिकडे सकाळचे सात वाजलेत,” अजित म्हणाला. “झोपला असेल. मी बोलतो त्याच्याशी संध्याकाळी. हे पाहा ताई, सप्लायरने फसवलं, संपलं. आपण त्याच्याकडून माल घेणं बंद करू. डोरीन, तुझी मी मनापासून माफी मागतो.”

“लाव, रुचा.”

गुरुदत्त त्यांचा चुलत भाऊ, गावी राहिलेला एकटाच. जर तोच पाठवायचा. दाढीचा साबण तोंडाला लावलेला तसाच तो स्क्रीनवर आला, आणि नीलिमानं त्याला रामराम म्हणायचीही सवड दिली नाही.

“तांबं रेशमावर वळलंस, गुरुदत्त. लाज नाही वाटली? आपल्या आजोबांनी सख्ख्या मेव्हण्याची भट्टी विझवली होती याच्यापायी. आप्पांचं नाव घालून माल जातोय इथे, आणि तू त्यांच्याच ताटात माती कालवलीस?”

गुरुदत्तने टॉवेलने तोंड पुसलं. घाबरलेला दिसत नव्हता. दुखावलेला दिसत होता.

“नीलूताई, झालं बोलून? आता माझं ऐक. जुलैमध्येच मी अजितला सांगितलं, चांदीची जर नाहीये. मार्चपासून सगळं बंद, कारागीर गावाला गेले, चांदी ओढणारं कुणी नाही. तांब्याची आहे, पाहिजे तर देतो. लेखी कळवलंय मी, व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. आणि मी सुतावरच वळून देणार होतो. सुतावरच वळली होती. त्यानेच ती उलगडून पुन्हा वळायला लावली.”

“कुणी?”

“तुझ्या भावाने. म्हणाला, सुतावर नको, रेशमावर वळून दे. मी म्हटलं, अरे, तांब्याला रेशीम कशाला वाया घालवतोस? म्हणाला, इकडच्या गिऱ्हाइकाला मऊ लागतं. मी वळून दिलं, ही माझी चूक. पण लपवलं नाही मी. पंच आहेत कुठे आता, ज्यांना विचारू?”

अजितने हात लांब करून लॅपटॉप मिटला.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. वासंतीला गॅस बंद करायचंही भान राहिलं नाही. दुसरी शिट्टी झाली तेव्हा डोरीननेच जाऊन बंद केला.

“मऊ लागतं,” रुचा हळूच म्हणाली. ती बापाकडे बघत होती. “बाबा, दॅट्स नॉट व्हाय. यू न्यू शी वुड बर्न इट.”

अजितने मिटलेला लॅपटॉप बाजूला सरकवला.

“तुम्हाला माहीत होतं आत्या धागा जाळणार. तिला कॉटनचा वास आला असता तर शी वुड हॅव स्टॉप्ड एव्हरीथिंग. म्हणून सिल्क. तुम्ही कस्टमरला फसवायला सिल्क नाही मागवलं. आत्याला फसवायला मागवलं.”

नीलिमाला ते पोरगी बोलेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. आता आलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. जो कायदा लोकांना कुणी फसवू नये म्हणून पणजोबांनी केला, तोच वापरून सख्ख्या भावानं तिला बनवलं होतं. आणि तो सगळा वेळ कॅमेऱ्याच्या मागे उभा होता. ती धागा हुंगत होती, आणि तो हसत अंगठा दाखवत होता.

“खरंय का हे, अजित?”

“काय करणार होतो मी?” तो उसळला. “ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या. चांदीची जर मिळेना. चोवीस वर्षांची नोकरी एका झूम कॉलवर गेली माझी, ताई. तुला खरं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बंद कर दुकान. म्हणालीच असतीस.”

“तांब्याची म्हणून विक म्हटलं असतं. सुतावर वळून, उजळ माथ्यानं.”

“तांब्याची कोण घेतो? लोकांना खरी हवी असते. स्वस्त, पण खरी. आणि तुमचा तो कायदा, तो सगळा तुमच्या दोघांचा होता. तुझा आणि आप्पांचा. मला कधी भट्टीजवळ बसू दिलं त्यांनी? मी गेलो की म्हणायचे, तू अभ्यास कर, तू जा इथून. तुला नाक दिलं आणि मला तिकीट दिलं. आता त्यांच्या नावावर मी चार मास्क विकले तर काय बिघडलं?”

“लिझाचं लग्न बिघडलं,” डोरीन म्हणाली.

नीलिमाला त्याच्या बोलण्यातलं खरं तेवढं कळलं. आप्पांनी त्याला दूर ठेवलं होतं हे खरंच होतं. पण त्यामुळे तिचा राग तसूभरही कमी झाला नाही. उलट वाढला. शिकवलं नाही म्हणून राग होता तर येऊन भांडायचं होतं. पन्नास वर्षं मनात ठेवून शेवटी हे?

“मलाही सांगितलं नाहीत तुम्ही,” वासंती नवऱ्याला म्हणाली. “रात्रंदिवस मशीनवर मान मोडून बसले मी. खरी जर, खरी जर म्हणून सुईला जपत होते. आणि आत्ता मी वन्संना बोलले, तेही ऐकून घेतलंत उभे राहून.”

ती नीलिमाच्या बाजूला येऊन उभी राहिली. चमत्कारिकच होतं, दोघींचं सव्वीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण ते टिकलं किती, तर नीलिमाचं पुढचं वाक्य येईपर्यंत.

“रुचा, फोन घे. लाइव्ह लाव. जिथे सांगितलं होतं तिथेच सांगायचं.”

“थांबा,” वासंती म्हणाली. “एवढं कशाला? ज्यांची तक्रार येईल त्यांना बदलून देऊ. फेसबुकवर कशाला? सगळं महाराष्ट्र मंडळ बघतं ते. दिवाळी सहा दिवसांवर आलीय. तुम्ही उद्या विमानं सुरू झाली की जाल येवल्याला, ताई. आम्हाला इथेच तोंड दाखवायचंय.”

“तक्रार कोण करणार? सगळ्यांना वाटेल आपल्याच घामाचा दोष. टूवूंबाहून ऑर्डर देणारी ती नर्स बहिणीच्या लग्नात मास्क घालणार आहे. तिच्या गालावर पट्टे उमटेपर्यंत थांबू?”

“ताई,” अजित आता हात जोडल्यासारखं करून म्हणाला, “लॉट खराब निघाला म्हण. माझं नाव घेऊ नकोस. एवढंच मागतो. घर माझं आहे, तू इथे माझ्याकडे राहतेस, याचा तरी विचार कर.”

ते त्यानं बोलायला नको होतं. नऊ महिने ती त्याच्या घरात पाण्याचा ग्लासही विचारून घेत होती. व्हिसा वाढवायचा फॉर्म त्याच्या सहीवर, औषधं त्याच्या कार्डावर. हे सगळं त्यानं टेबलावर आणून ठेवलं, ते मास्कच्या शेजारीच.

“घराबाहेर काढणार असशील तर काढ,” ती म्हणाली. “पण आधी उरलेली रिळं आण. सगळी. आणि तो बार्बेक्यू पेटव.”

“काय?”

“दोषी माणसानं स्वतःच्या हातानं माल जाळायचा, गिऱ्हाइकांसमोर. कायदा आहे. अर्धा वापरलास ना सोयीनं? आता उरलेला पण वापर.”

अजितने बायकोकडे पाहिलं. वासंतीनं मान फिरवली. मग त्यानं रुचाकडे पाहिलं. ती फोन चार्जरवरून काढत होती.

मागच्या अंगणात ऊन रणरणत होतं. शेजारचा ग्रीक म्हातारा कुंपणावरून डोकावला आणि बार्बेक्यू पेटलेला बघून अंगठा दाखवून गेला. डोरीन दारात मास्क लावून उभी होती, साधा, निळा, दुकानातला. रुचानं फोन धरला. आकडा बघता बघता वाढत गेला. रविवारची दुपार, घरात अडकलेली माणसं, सगळ्यांच्या हातात फोन होतेच.

“मी नीलिमा,” ती म्हणाली. “सप्टेंबरात मी तुम्हाला सांगितलं होतं की ही जर खरी आहे. ती खोटी आहे. तांबं आहे, रेशमावर वळलेलं. तुम्ही कितीही दोरे जाळले तरी तुम्हाला कळणार नाही, म्हणून घरी सुरीनं खरवडून बघा. लाल दिसेल. ज्यांनी घेतलेत त्यांनी घालू नका. हे माझ्या भावानं मुद्दाम करवून घेतलं. अजितनं. तो इथे उभा आहे. टाक, अजित.”

अजितने पहिलं रीळ जाळीवर टाकलं. ज्योतीच्या कडेला हिरवी झाक आली, ती फोनवरही दिसली असणार. तो एकेक रीळ टाकत राहिला. त्याचं तोंड रडवेलं झालं होतं, आणि नीलिमाला त्याची दया आली नाही. पुढे कधीतरी येईल, हे तिला माहीत होतं. आज नाही आली.

“आणि दुसरं,” ती फोनकडे बघून म्हणाली. “फसवणाऱ्याला शिक्षा आहे तशी फसणाऱ्या पंचालाही आहे. त्यानं शिक्का खाली ठेवायचा. पुन्हा कुठल्याही जरीला खरी किंवा खोटी म्हणायचं नाही, मरेपर्यंत. आळस केला मी. धातू बघायला हवा होता, मी वासावर भागवलं. तेव्हा आजपासून मला कुणी विचारू नका. बंद कर, रुचा.”

अजितचा हात मध्येच थांबला. “ताई, हे तू सांगितलं नव्हतंस.”

“तू कधी विचारलंस?”

रुचानं फोन खाली केला. बार्बेक्यूचा गॅस कुणीतरी बंद केला. घरात आल्यावर डोरीन दाराशी घुटमळली. तिचा राग उतरला नव्हता, पण आता त्याच्यात आणखी काहीतरी मिसळलं होतं. तिनं पर्स उघडली आणि कागदात गुंडाळलेला हातभर काठ बाहेर काढला. लाल लुगड्याचा जुना, रुंद काठ.

“हा माझ्या आजीच्या लग्नातला,” ती म्हणाली. “लुगडं विरलं, काठ तेवढा ठेवला आईनं. लिझाला द्यायचाय, ती सासरी जाताना. आमच्यात सगळे खरा म्हणत आलेत. पण कालपासून माझा कशावरच विश्वास राहिला नाही, ताई. तुम्ही फक्त एकदा बघा. कुणाला सांगणार नाही मी.”

काठ नीलिमाच्या हातात आलाच होता. अंगठा आपसूक त्याच्यावरून फिरला. तो थंडपणा, ते वजन, वळणाचा तो बारीक पीळ. हुंगायची गरज नव्हती, जाळायची तर नाहीच. एवढी स्वच्छ ओढलेली तार तिनं आप्पांच्या हातूनसुद्धा क्वचित पाहिली होती.

तिनं काठाची घडी घालून तो तसाच परत दिला.

“सोनाराकडे ने. तो कस लावून सांगेल.”

डोरीनचा चेहरा उतरला. “म्हणजे खोटा?”

नीलिमानं ओठ घट्ट मिटले. जीभ दातांखाली धरावी लागली तिला.

“ताई, सांग ना तिला,” अजित मागून म्हणाला. “बघ तिच्या तोंडाकडे. तुला कळलंय, मला दिसतंय तुला कळलंय. एक शब्द सांगून टाक.”

“तू सांग,” ती म्हणाली.

“मला कुठे येतं?”

नीलिमा वळली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, “आता या घरात ते कुणालाच येत नाही.”